वेगळा पेला



गेल्या महिन्यातल्या एका मंगळवारची गोष्ट. पाऊस असल्यामुळे सल्लाकेंद्रात गर्दी कमी होती. सातवा महिना लागलेली एक मुलगी आईला घेऊन आली. वय बावीस-तेवीस. प्लॅस्टिकच्या पिशवीत दवाखान्याची फाईल होती आणि फाईलवर लाल शाईनं, लांबूनही वाचता येईल अशा ठळक अक्षरांत आजाराचं नाव लिहिलेलं होतं. गरोदरपणातल्या रक्ततपासणीत तिला हिपॅटायटिस बी असल्याचं निघालं. त्याच संध्याकाळी सासरच्यांनी तिला माहेरी आणून सोडलं. ‘आजारी पोरगी आमच्या गळ्यात बांधलीत’ असं म्हणून सासरा दारातूनच परत फिरला. नवऱ्याची तपासणी झाली का, असं आम्ही विचारलं, तेव्हा मायलेकी एकमेकींकडे बघत राहिल्या. तसं कुणी सुचवलंच नव्हतं.

आम्ही तिचं म्हणणं ऐकलं, लिहून घेतलं. चहा झाला. त्या दोघी गेल्यावर आपल्याच एका कार्यकर्तीनं त्या मुलीचा पेला दोन बोटांनी उचलला आणि मोरीच्या कोपऱ्यात वेगळा ठेवला. तिनं ते ठरवून केलं नाही. ती मुलगी बोलत होती तेव्हा हिच्याच डोळ्यांत पाणी आलं होतं. पण हात आपसूक गेला. मी समोरच बसले होते. मी पाहिलं आणि काही बोलले नाही.

का बोलले नाही, ते सांगण्यासाठी हे संपादकीय आहे. मला स्वतःला हिपॅटायटिस बी आहे. कळलं त्याला दोन तपं झाली. याच केंद्रात, याच पेल्यांतून मी इतकी वर्षं चहा पीत आले आणि आपल्यापैकी कुणालाही ते ठाऊक नव्हतं. बायकांनी बोलतं व्हावं म्हणून मी शिबिरं घेतली, जे खाजगी ते राजकीय असं फळ्यावर लिहिलं, आणि स्वतःच्या बाबतीत मात्र तोंडाला कुलूप घालून बसले. तो पेला बाजूला जाताना पाहिला तेव्हा मला पहिल्यांदा आठवली ती माझी फळी. पुढच्या बैठकीत मी हे सगळ्यांसमोर सांगितलं. आता तुम्हाला सांगते आहे.

२००१ साली दुसऱ्या खेपेला मला पाचवा महिना होता. तालुक्याच्या गावातल्या एका खाजगी दवाखान्यात रक्त तपासलं. निकाल आला तेव्हा डॉक्टरांनी नवऱ्याला बाजूला घेऊन सांगितलं. रक्त माझं, पोट माझं, पण कागद त्याच्या हातात. मला कळलं ते असं की ‘बाई वाहक आहेत’. वाहक हा शब्द तोवर मी फक्त एस.टी.त वाचला होता, चालक-वाहक. तिकीट फाडून देणारा माणूस. मी कुणाला काय वाटत फिरणार होते? विचारलं, तर ‘तुम्हाला काही त्रास नाही, पण दुसऱ्यांना होऊ शकतो’ एवढंच उत्तर मिळालं. या एका वाक्यावर मी पुढची सहा वर्षं काढली.

घरी आल्यावर सासूबाईंनी माझं ताट, वाटी, पेला आणि तांब्या वेगळ्या फळीवर ठेवले. कपड्यांना वेगळी बादली आली. माझी मोठी मुलगी तेव्हा पाच वर्षांची होती. तिला माझ्या ताटात जेवायची सवय होती. तिला उचलून दुसऱ्या पाटावर बसवलं तेव्हा ती रडली आणि मी रडले नाही, कारण मला ते पटलं होतं. ही गोष्ट मी आज जास्त महत्त्वाची मानते. मला कुणी वाळीत टाकण्याआधी मी स्वतःच स्वतःला वाळीत टाकलं होतं.

सासूबाई दुष्ट नव्हत्या. त्यांना नातवंडांची भीती वाटत होती आणि त्यांच्याजवळ बसून कुणी चार गोष्टी समजावून सांगितल्या नव्हत्या. ज्याची माहिती नाही त्याच्याशी कसं वागायचं, याचा धडा मात्र त्यांना लहानपणापासून मिळालेला होता. आपल्या घरांना विटाळाची सवय जुनी आहे. महिन्याचे चार दिवस बाई बाजूला बसते. गावाच्या हॉटेलात दलितांसाठी वेगळे पेले ठेवले जात. नवा आजार आला की त्याला बसवायला जुनी फळी तयारच असते. म्हणून ताटवाटी वेगळी करणाऱ्या बाईला नुसतं अडाणी म्हणून भागत नाही. आपल्या केंद्रातल्या शिकलेल्या, चळवळीत मुरलेल्या बाईचाही हात आपसूक गेलाच ना?

आता माहिती नीट समजून घेऊ. कावीळ हा एकच आजार नाही. पावसाळ्यात दूषित पाण्यातून येते ती ए आणि ई प्रकारची. ती येते आणि बहुतेकांची बरी होऊन जाते. ई प्रकार गरोदर बाईला मात्र धोक्याचा असतो. बी प्रकारचा विषाणू अन्नपाण्यातून येत नाही. तो रक्तातून, शरीरसंबंधातून आणि बाळंतपणाच्या वेळी आईकडून बाळाला जातो. दुसऱ्याला टोचलेली सुई, न्हाव्याचं तेच ते ब्लेड, गोंदायची किंवा नाक-कान टोचायची तीच ती सुई, दुसऱ्याचा दात घासायचा ब्रश या त्याच्या वाटा. शरीराबाहेर सांडलेल्या रक्तातही तो निदान सात दिवस तग धरतो. मात्र एका ताटात जेवल्यानं, एका पेल्यातून पाणी प्यायल्यानं, मिठी मारल्यानं, खोकल्या-शिंकल्यानं किंवा एकच संडास वापरल्यानं तो पसरत नाही. बाळाला जन्मतःच लस दिली असेल तर आईनं निर्धास्तपणे अंगावर पाजावं.

लोक या आजाराला पांढरी कावीळ म्हणतात आणि पांढरी म्हटलं की मरणच असं समजतात. ते खरं नाही. पुष्कळांना आयुष्यभर काही होत नाही. काहींचं यकृत वर्षानुवर्षांच्या सुजेनं आतून आकसत जातं, काहींना यकृताचा कर्करोग होतो. म्हणून दर सहा महिन्यांनी तपासणी करायची आणि लागेल त्यांनी रोज एक गोळी घ्यायची. या गोळीनं विषाणू मुळापासून जात नाही, पण दबून राहतो आणि यकृत वाचतं. मी गेली दहा-बारा वर्षं ती घेते आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२२ साली जगात २५ कोटी ४० लाख माणसं हा विषाणू घेऊन जगत होती. त्यातली जवळजवळ ३ कोटी भारतातली. जगभरच्या या माणसांपैकी शंभरातल्या फक्त तेरांना आपल्याला हा आजार आहे हे कळलेलं होतं आणि औषध पोचलं होतं ते तिघांपर्यंत. त्या एका वर्षात या आजारानं ११ लाख माणसं दगावली. म्हणजे तुमच्या-माझ्या ओळखीत अशी माणसं आहेतच. आपल्याला ती दिसत नाहीत, कारण काहींना स्वतःला माहीत नाही आणि ज्यांना माहीत आहे ती बोलत नाहीत.

आता बाईच्या दृष्टीनं सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. धडधाकट मोठ्या माणसाला लागण झाली तर शंभरातल्या पाचांहून कमी जणांमध्ये हा विषाणू कायमचा मुक्काम करतो, बाकीच्यांचं शरीर त्याला हाकलून लावतं. पण जन्माच्या वेळी लागण झालेल्या बाळांपैकी शंभरातल्या नव्वदांमध्ये तो राहून जातो. याचा अर्थ असा, की जुनाट हिपॅटायटिस बी घेऊन जगणाऱ्या आपल्याकडच्या पुष्कळ माणसांना तो पाळण्यातच मिळालेला असतो. मोठेपणी लागण होतच नाही असं नाही, पण नुसत्या कागदावरून कुणाच्याही चारित्र्याबद्दल काहीही सिद्ध होत नाही. ना बाईच्या, ना पुरुषाच्या.

तरीही बोट दाखवलं जातं ते बाईकडे, कारण रक्त तपासलं जातं ते तिचं. ती गरोदर राहते, दवाखान्यात जाते, नळ्या भरून रक्त देते. नवरा बाहेर बाकावर बसलेला असतो. जिचं आधी कळलं तिनंच आणलं, असा हा न्याय आहे. जी तपासणी तिच्या आणि बाळाच्या भल्यासाठी आहे, तीच तिच्यावरचा आरोप होऊन बसते. मूल होत नाही तेव्हा आधी बाईला डॉक्टरकडे पाठवतात, मुलगी झाली तर बाईला दोष देतात, त्याच माळेतला हा आणखी एक मणी.

माझ्या नवऱ्याची तपासणी मी चार महिने भांडून करून घेतली. त्याला लागण नव्हती. त्यानं लस घेतली. तो मला एका शब्दानंही वावगं बोलला नाही. पण रात्री पाठ करून झोपायला लागला. लस पूर्ण झाल्यावर आणि ती लागू पडल्यावर त्याला माझ्यापासून भीती नाही, हे आम्हाला कुणी सांगितलं नाही आणि विचारायची आमची दोघांची हिंमत झाली नाही. जेवणाचं ताट वेगळं झालं की निदान डोळ्यांना दिसतं. अंथरुणातलं अंतर कुणाला दाखवणार? त्या वर्षांत मला आजाराची भीती वाटायची त्याहून जास्त वाटायचं ते हे, की मी आता कुणी हात लावावा अशी राहिले नाही.

आता मुलीबद्दल. ती १९९६ साली जन्मली. तेव्हा माझी तपासणी झाली नव्हती आणि बाळांना ही लस देण्याची सरकारी सोय नव्हती. हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सनं आपल्या देशात बनवलेली लस १९९७ साली बाजारात आणली आणि ती पुढे स्वस्त होत गेली. सरकारी लसीकरणात ती २००२ च्या सुमारास काही ठिकाणी आणि २०११ पासून देशभर आली. माझ्या धाकट्याला २००१ साली जन्मल्याबरोबर आम्ही पदरचे पैसे घालून टोचून घेतलं. तो सुटला. मुलीला तपासलं तेव्हा ती सुटलेली नव्हती.

या वाक्याच्या पुढे मला बरीच वर्षं जाता आलं नाही. आपण आपल्या लेकरालाच हे दिलं, या विचाराचं काय करायचं? कुणी म्हणतं, ‘तुला कुठं माहीत होतं?’ ते खरं असतं आणि त्यानं काही होत नाही. मी पोरीचे डोळे रोज सकाळी उजेडाकडे वळवून बघत असे, पिवळे झालेत का म्हणून. ती पडली, गुडघा फुटला, तर आधी तिला उचलायचं सोडून रक्त कुठं सांडलं ते मी शोधत असे. आज ती तिशीच्या आसपास आहे. तिला औषधाची गरज अजून पडलेली नाही. हे सगळं मी तिला विचारून लिहिते आहे. ती एवढंच म्हणाली, ‘लिही, पण मला बिचारी करू नकोस.’

माझी तपासणी झाल्यावर पुढच्या वर्षी मी माझ्या आईलाही नेलं. तिलाही होता. दवाखान्याच्या पायरीवर बसून ती म्हणाली, ‘म्हणजे मीच दिला का गं तुला?’ तेव्हा मला कळलं, की मी माझ्या मुलीकडे ज्या नजरेनं बघते, त्याच नजरेनं आई माझ्याकडे बघते आहे. आईला बहुधा तिच्या आईकडून आला असेल. आजी तर असल्या विषाणूचं नावही न ऐकता गेली. ती वारली तेव्हा जगात कुणालाच ते नाव ठाऊक नव्हतं. बारूक ब्लमबर्ग या शास्त्रज्ञाला या विषाणूचा पहिला माग लागला तो १९६० च्या दशकात. लस आली ती त्याच्याही नंतर, आणि गरिबाच्या बाळापर्यंत पोचली ती आणखी तीस वर्षांनी. तीन पिढ्यांच्या बायका एकमेकींची माफी मागत बसल्या, त्या कशासाठी? तपासणी आणि लस पोचवण्याचं काम ज्यांचं होतं, त्यांच्याकडे मात्र कुणी जाब मागितला नाही.

मनाची आणखी एक अवस्था सांगते. हा आजार दिसत नाही. ताप नाही, खोकला नाही, अंथरूण धरावं असं काही नाही. म्हणून बाईला आजारपणाची सवलत मिळत नाही. ती नेहमीसारखी पाणी भरते, भाकऱ्या थापते, कामाला जाते. दमली तर ‘तुला काय झालंय?’ असं ऐकून घेते. पण दर सहा महिन्यांनी रक्त द्यायचं, सोनोग्राफी करायची आणि निकाल येईपर्यंत जीव मुठीत धरून बसायचं. निकाल बरा आला की सहा महिन्यांची मुदत वाढते. आजारी म्हणावं तर आजारी नाही, बरी म्हणावं तर बरी नाही. हिशेब मात्र डोक्यात सतत चालू. भाजी चिरताना बोट कापलं, आता ही भाजी टाकायची का? नेलकटर कुठं ठेवला? पाळीचं कापड कुणाच्या हाती लागलं का? हळूहळू बाईला स्वतःच्या रक्ताचीच भीती वाटू लागते. झोप जाते, चिडचिड होते, कशातच मन लागत नाही. डॉक्टर यकृताचे आकडे वाचतात. ‘झोप येते का, घरी कोण बोलतं, रडायला येतं का’ हे मला इतक्या वर्षांत एकदाच विचारलं गेलं, तेही डॉक्टरांनी नव्हे, एका नर्सबाईंनी.

त्याच नर्सबाई एकदा आमच्या घरी आल्या, सासूबाईंजवळ बसल्या, माझ्याच पेल्यातून पाणी प्यायल्या आणि तासभर बोलल्या. सासूबाई त्यांना काही म्हणाल्या नाहीत. पुढच्या सोमवारी माझं ताट इतर ताटांत लावलेलं दिसलं. त्याबद्दल त्या कधी बोलल्या नाहीत आणि मीही बोलले नाही. मधे सहा वर्षं गेली होती. एका तासाचं बोलणं सहा वर्षं उशिरा आलं, एवढाच काय तो फरक.

गुपित सांभाळण्याचेही कष्ट असतात. औषधाच्या पट्टीवरचं नाव खरवडून टाकायचं, तपासणीच्या दिवशी मैत्रिणीकडे जाते म्हणून सांगायचं, रक्तदान शिबिराला काहीतरी निमित्त काढायचं. आपल्याच गटाच्या रक्तदानाच्या वेळी मी दर वर्षी ‘हिमोग्लोबिन कमी आहे’ म्हणत आले. एका खोट्यासाठी दुसरं खोटं. आणि खोटं बोलणारी बाई आपल्या माणसांतही एकटीच असते.

मी बैठकीत सांगितल्यावर आणखी दोघी बोलल्या. एकीच्या बहिणीचं ठरलेलं लग्न मोडलं. मुलीनं स्वतः प्रामाणिकपणे सांगितलं म्हणून मोडलं, आणि सांगितलं नसतं तर पुढे फसवणूक केली म्हणून मोडलं असतं. दुसरीचा दीर रत्नागिरीकडचा. आखाती देशात कामाला जायचं म्हणून घरानं कर्ज काढलं होतं, वैद्यकीय तपासणीत हा निकाल आला आणि तो नापास झाला. कर्ज मात्र फिटायचं आहे, आणि ते फेडायला त्याची बायको दुसऱ्यांच्या घरी भांडी घासते.

भेदभाव फक्त घरात होत नाही. माझ्या पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेच्या वेळी एका मोठ्या रुग्णालयात मला दिवसभर उपाशी ठेवून सर्वांत शेवटी घेतलं आणि ‘जादा काळजी’ म्हणून जादा बिल लावलं. खरं तर प्रत्येक रोग्याचं रक्त धोक्याचं असू शकतं असं धरूनच दवाखान्यानं हातमोजे आणि सुया वापरायच्या असतात. ज्यांचं माहीत आहे त्यांच्यावर लाल शिक्का आणि ज्यांचं माहीत नाही त्यांच्याबाबत हयगय, यानं कुणाचंच रक्षण होत नाही. २००९ साली गुजरातमध्ये मोडासा भागात या काविळीची मोठी साथ येऊन कित्येक माणसं मेली. तिथे बोट दाखवलं गेलं ते पुन्हापुन्हा वापरलेल्या सुयांकडे. साध्या तापालाही ‘एक सुई मारा डॉक्टर’ म्हणण्याची आपली सवयही त्या सुयांना हातभार लावत असते.

कायद्याचं बघा. एड्सच्या प्रश्नावर माणसं रस्त्यावर उतरली, कोर्टात गेली. १९९७ साली मुंबई उच्च न्यायालयानं स्पष्ट केलं, की काम करायला समर्थ असलेल्या माणसाला केवळ एच.आय.व्ही. आहे म्हणून नोकरी नाकारता येणार नाही. २०१७ साली त्यावर कायदा झाला आणि २०१८ पासून तो लागू आहे. न विचारता तपासणी नको, निकाल गुप्त ठेवा, नोकरीत, शाळेत, दवाखान्यात भेदभाव नको, हे सगळं त्यात आलं. हिपॅटायटिस बी त्याच वाटांनी पसरतो, पण या माणसांसाठी असा कायदा नाही. चीनमध्ये २००३ साली वुहू शहरातल्या चांग शिआनचू या तरुणानं, परीक्षेत पहिला येऊनही या आजारामुळे सरकारी नोकरी नाकारली म्हणून दावा लावला. पुढच्या वर्षी न्यायालयानं ती कृती बेकायदा ठरवली. २०१० साली तिथल्या सरकारनं नोकरी आणि शाळाप्रवेशासाठी या तपासणीची सक्ती करायला बंदी घातली. एकानं तोंड उघडलं की पुष्कळांची वाट थोडी मोकळी होते, एवढं यातून घ्यायचं.

आपल्याकडे काहीच नाही असंही नाही. २८ जुलै २०१८ रोजी केंद्र सरकारनं हिपॅटायटिस नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. त्यात तपासणी आणि औषध मोफत आहे. आईला हा आजार असेल तर बाळाला जन्मल्यापासून चोवीस तासांच्या आत लस आणि त्याबरोबर संरक्षक इंजेक्शन द्यायचं असतं, मग दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांना पुढचे डोस. आईच्या रक्तात विषाणू जास्त असेल तर शेवटच्या तीन महिन्यांत तिला गोळी देतात. एवढं वेळेवर झालं तर बाळ बहुधा सुटतं. म्हणजे माझ्या आजीपासून माझ्या मुलीपर्यंत आलेली साखळी आज तोडता येते. ती तुटत नाही तेव्हा गोळी आणि लस कमी पडते असं नाही. भीतीपोटी लपवलेला कागद, घरच्या घरी झालेलं बाळंतपण आणि दवाखान्यातली बेपर्वाई आड येते.

म्हणून आपल्या गटांसाठी काही कामं सुचवते. गरोदर बाईबरोबर नवऱ्याचीही तपासणी व्हावी आणि निकाल आधी त्या बाईच्याच हातात, आडोशाला, समजावून दिला जावा, असा आग्रह आपण प्राथमिक आरोग्य केंद्रात धरू. चोवीस तासांच्या आतला डोस मिळाला का, हे आशा आणि अंगणवाडी ताईंबरोबर घरोघरी विचारू. आजार असलेल्या बाईच्या घरातल्या इतरांना तपासून लस घ्यायला लावू. माळ घालून किंवा मंत्र घालून कावीळ उतरवणाऱ्यांकडे जाणाऱ्यांना हिणवू नका. मीही गेले होते, मावशीनं नेलं होतं. डोळे मुळात पिवळे नसल्यामुळे ‘उतरली’ असं सांगणं त्याला सोपं गेलं. अशा बाईला एवढंच सांगा, की माळ घालायची तर घाल, पण गोळी सोडू नकोस. फाईलवर लाल अक्षरात नाव लिहिणाऱ्या दवाखान्याला लेखी पत्र द्या. आणि एड्सच्या कायद्यासारखं संरक्षण या माणसांना मिळावं, ही मागणी आपल्या मागण्यांच्या यादीत घ्या.

एक सावधगिरीही. मी बोलले म्हणून प्रत्येकीनं बोललंच पाहिजे असं नाही. मला नोकरी जाण्याची भीती उरलेली नाही, मुलं मोठी झाली आहेत, डोक्यावर छप्पर आहे. जिचं सगळं दुसऱ्याच्या हातात आहे तिनं गप्प राहणं हा भेकडपणा नाही. कुणाला सांगायचं, कधी सांगायचं हा तिचा हक्क आहे. ज्याला लागण होऊ शकते त्या जोडीदाराला कळायला हवं, हे खरं. पण ते सांगताना तिच्या शेजारी बसायला कुणीतरी असावं, हे पाहणं आपलं काम आहे.

त्या मुलीला आता आठवा लागला आहे. जिल्हा रुग्णालयात नाव घातलं आहे, गोळी सुरू झाली आहे. सासरी दोन बैठका झाल्या. पहिल्या वेळी सासरा ओरडून निघून गेला. दुसऱ्या वेळी नवरा एकटाच आला, खाली मान घालून बसला आणि रक्त द्यायला तयार झाला. पुढे काय होईल ते आज सांगता येत नाही. परवा ती पुन्हा आली तेव्हा ज्या कार्यकर्तीनं पेला बाजूला ठेवला होता, तिनंच सगळ्यांचा चहा गाळला. त्या दिवशी कोपऱ्यात ठेवलेला पेला कोणता, ते आता आमच्यात कुणालाच सांगता येणार नाही. सगळे सारखेच स्टीलचे आहेत.

तुमच्या गावात, गटात, घरात असं काही असेल तर आम्हाला लिहा. नाव घातलं नाही तरी चालेल. पुढच्या अंकात तुमच्या पत्रांसाठी पानं राखून ठेवतो आहोत.